आईचा हात सुजलाय, स्लीव्ह कुठली मागवू? लवकर सांगा – तासगाव

द्राक्षबाग | रात्री ८:१०
नमस्कार. आईचा डावा हात सुजलाय. ऑनलाइन स्लीव्ह, म्हणजे सुजेवर घालायची दाबाची बाही, बघायला गेलो तर ढीगभर प्रकार. दाब कुणी २०-३० लिहितंय, कुणी ३०-४०. कशाला पंजा आहे, कशाला नाही. कुठली घ्यायची आणि साइज कशी काढायची, एवढंच सांगा. आज ऑर्डर टाकायचीय. सध्या क्रेप बँडेज गुंडाळतोय, पण त्यानं पंजा उलट जास्तच फुगलाय. बागेत छाटणी झालीय, पेस्टिंग (काड्यांना औषधाची पेस्ट लावणं) चालू आहे, दवाखान्याच्या फेऱ्या आत्ता जमणार नाहीत. थेट उत्तर द्या.

माणदेशी | ८:२२
हत्तीरोग असेल. त्याचं रक्त रात्रीच घेतात, तेव्हाच जंतू सापडतात. सरकारी दवाखान्यात डीईसीच्या गोळ्या मिळतात. आमच्याकडं ऊसतोडीला आलेल्या एकाचा पाय असाच सुजला होता.

शुभदा_मिरज | ८:२५
सूज कशानं आली ते लिहिलंच नाही तुम्ही. मार लागला? ऑपरेशन झालंय? वय किती?

द्राक्षबाग | ८:३१
अहो, स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, म्हणून तर स्लीव्ह विचारतोय. वय ५८. हत्तीरोग वगैरे काही नाही.

शुभदा_मिरज | ८:३४
हे आधी सांगायला हवं होतं, दादा. काखेतल्या गाठी काढल्या का? रेडिएशन झालं का? सूज हळूहळू वाढली की एकदम? बोटानं दाबलं तर खळगा पडतो का?

निवृत्त_फार्मासिस्ट | ८:४०
फ्युरोसेमाइडची अर्धी गोळी सकाळी द्या, पाणी उतरेल. पायाच्या सुजेला आम्ही कायम देत होतो.

कराडची_फिजिओ | ८:५२
काका, कृपा करून असं सुचवू नका. ही सूज हृदयाची किंवा किडनीची नाही. काखेतल्या गाठी काढल्या, वर रेडिएशन झालं, की हातातला लिम्फ, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव, वर जायची वाट अरुंद होते. तो प्रथिनांसकट तिथंच साचतो. गोळीनं लघवीवाटे पाणी जाईल, प्रथिनं हातातच राहतील आणि सूज पुन्हा भरेल. शिवाय ५८ वर्षांच्या बाईचं बीपी उतरलं तर?

द्राक्षबाग, क्रेप बँडेज आधी सोडा. ते फार ताणतं. हात हलवताना हवा तसा विरोध देत नाही आणि आराम करतानाही आवळत राहतं. पंजा मोकळा ठेवून मनगटापासून वर बांधलं, तर पाणी पंज्यात उतरणारच. लिम्फिडिमाला, म्हणजे लिम्फ साचून आलेल्या या सुजेला, कमी ताणणारी पट्टी लागते. बोटांपासून सुरू करून खाली जास्त दाब, वर कमी, असे थर बांधतात. स्लीव्ह त्यानंतर. फुगलेल्या हाताचं माप घेऊन मागवली तर सूज उतरल्यावर ती सैल होते, पैसे वाया जातात.

वाईकर_आजोबा | ९:०१
माझ्या बहिणीला निर्गुंडीच्या तेलानं गुण आला. तेल कोमट करून खालून वर चांगलं जोर लावून चोळायचं, मग गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं. पट्ट्या बांधून हात आखडतो.

कराडची_फिजिओ | ९:०६
आजोबा, बहिणीचा हात सुजला होता की सांधा दुखत होता? या हाताला जोरात चोळणं आणि शेक दोन्ही नको. उष्णतेनं रक्तपुरवठा वाढतो, पाणी आणखी साचतं. यातला मसाज अगदी हलका असतो, कातडी नुसती सरकवायची. सुरुवात मान, छाती आणि दुसऱ्या बाजूच्या काखेपासून. हात शेवटी. पुढची वाट मोकळी केल्याशिवाय मागचं पाणी ढकलून काय होणार?

वाईकर_आजोबा | ९:१०
तिचा हातच सुजला होता, ऑपरेशननंतर. सांधा नाही. अनुभव आहे म्हणून लिहिलं.

हिरवा_चुडा | ९:१८
मी स्वतः या हाताबरोबर जगते, म्हणून लिहिते. माझ्याही उजव्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या. घरात सगळ्यांनी सांगितलं, या हातानं काही उचलू नकोस. मी ऐकलं, खांदा आखडला आणि सूजही वाढली. मग मिरजेत फिजिओकडं गेले. रोज पट्ट्या, हलका मसाज, व्यायाम. हात बराच उतरल्यावर सकाळच्या वेळी माप घेऊन स्लीव्ह करून घेतली. माझा पंजाही सुजतो म्हणून हातमोजाही मिळाला. सकाळी उठल्यावर घालते, रात्री काढते. रोज साध्या साबणानं धुते, सावलीत वाळवते. दोन असल्या की अडत नाही. साधारण सहा महिन्यांत ताण जातो, मग बदलायची. वजनही अगदी थोड्यापासून, स्लीव्ह घालून, हळूहळू वाढवलं. आता भरलेली कळशी उचलते.

सूज कायमची गेली का? नाही. ताब्यात आहे. पण कातडी सांभाळावी लागते. रात्री थोडं खोबरेल लावते, म्हणजे भेगा पडत नाहीत. या हाताला घट्ट बांगड्या नाहीत, चुडा दुसऱ्या हातात. रक्त आणि बीपीही त्या दुसऱ्याच हाताचं. तुमच्या आई बागेत काम करतात का? पेस्टिंगचं औषध हाताला लागलं किंवा कात्रीनं कापलं तर साधी गोष्ट समजू नका.

हळदवाला | ९:२५
तासगावकडं यंदा छाटणीचा मजूर मिळतोय का? आमच्या भावाची बाग अडलीय.

शुभदा_मिरज | ९:२७
हळदवाले, वेगळा धागा काढा. द्राक्षबाग, हात लाल किंवा गरम आहे का? ताप?

द्राक्षबाग | ९:४१
गाठी काढल्यात, रेडिएशनही झालं. थोडी सूज मार्चपासून आहे, पण परवापासून एकदम वाढली. दाबलं की दुखतं, खळग्याचं बघितलं नाही. कोपराच्या वर लाल झालंय, गरम लागतंय. काल रात्री हुडहुडी भरून ताप आला, पॅरासिटामॉल दिली. आठवडाभरापूर्वी कात्रीनं बोट कापलं होतं, पण ते सुकलं. आत्ता झोपलीय. स्लीव्हचं सांगा ना.

कराडची_फिजिओ | ९:४३
स्लीव्ह विसरा. आत्ता उठवा आणि दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका. हा सेल्युलायटिस वाटतोय, जंतुसंसर्ग. लिम्फ साचलेल्या हातात तो झपाट्यानं पसरतो, रक्तात गेला तर जिवावर बेततं. अँटिबायोटिक लागतील. पट्टी, मसाज, सगळं बंद.

हिरवा_चुडा | ९:४४
दादा, माझंही असंच झालं होतं. खरंच निघा. ऑपरेशनचे कागद बरोबर घ्या.

निवृत्त_फार्मासिस्ट | ९:४६
माझा सल्ला मागे घेतो. लगेच न्या. बीपी आणि सलाईन उजव्या हातालाच, हे नर्सला सांगा.

द्राक्षबाग | ९:५०
निघतोय. चुलतभावाची गाडी आलीय.

द्राक्षबाग | दुसऱ्या दिवशी दुपारी २:१५
मिरजेत ॲडमिट केलंय. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. लाल भागाभोवती पेनानं रेघ काढलीय, त्यापुढं लाली सरकते का बघतात. सूज एकदम वाढली म्हणून शिरेत गुठळी आहे का बघायला डॉपलर केली, गुठळी नाही. काखेत आजार परत आलाय का तेही तपासणार आहेत. आज ताप कमी आहे. संसर्ग गेल्याशिवाय पट्ट्या नाहीत, मग फिजिओ, मग माप घेऊन स्लीव्ह. तुम्ही सगळ्यांनी विचारलं नसतं तर मी ऑर्डर टाकून झोपलो असतो.

आई आत्तापासूनच विचारतेय, पेस्टिंगला कधी जाऊ.

हिरवा_चुडा | २:३०
या हंगामात नाही, ताईंना स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी लांब बाह्या आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. पेस्ट लावायला दुसऱ्याला ठेवा, त्यांना मोजणी नाहीतर डबे भरायचं काम द्या.

कराडची_फिजिओ | २:४४
आणि पुन्हा लाली, ताप आला तर काय करायचं ते डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. पट्टी बांधायला शिकवतील तेव्हा घरातलं आणखी कुणीतरी बरोबर न्या, स्वतःच्या हाताला एका हातानं बांधता येत नाही.

द्राक्षबाग | ३:०२
बायकोला नेतो. फिजिओ नेमका हेच शिकलेला आहे का, ते कसं ओळखायचं?

कराडची_फिजिओ | ३:१०
लिम्फिडिमाच्या पट्ट्या स्वतः बांधता का, किती पेशंटना बांधल्या, असं सरळ विचारा. उत्तर म्हणून नुसतं मशीन दाखवलं तर दुसरीकडं जा.