लढाई चालू असताना हिशेब मागायचा नाही म्हणे!

आबोली
आमच्या फोंड्याच्या गटावर काल एक पोस्ट फिरत आली. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं: युद्ध चालू असताना खरेदीचा हिशेब विचारणं म्हणजे जवानाच्या पाठीत सुरा. ऑडिट-बिडिट लढाई संपल्यावर करा, आणि चोर सापडलाच तर सरळ गोळी घाला. खाली तिरंग्यांची रांग. वाचता वाचता माझं दूध उतू गेलं, त्याचाही राग यात धरा.

लढाई संपल्यावर म्हणजे कधी हो? कारगिल जुलै १९९९ ला संपलं. शहीद जवानांसाठीच्या शवपेट्यांचा करार त्यानंतर, ऑगस्टात. ५०० पेट्या, एकेक २५०० डॉलरला. ठरलं होतं १८ किलो वजन, आल्या त्या ५५ किलोच्या. सीबीआयने गुन्हा नोंदवला २००६ ला, आरोपपत्र २००९ ला, आणि २०१३ ला विशेष न्यायालयाने लष्करी अधिकाऱ्यांना आरोपमुक्त केलं. त्यांनी काही केलं नसेल तर इतकी वर्षं उगाच चोर म्हणवून घेतलं, केलं असेल तर सुटले. "नंतर बघू"ची ही फळं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही २००१ च्या अहवालात लिहिलंय की घाईघाईने मागवलेला बहुतेक माल तोफा थंडावल्यावर पोचला.

आणि गोळी घालायची ती कुणाला? स्टोअरमनला. सहीवाल्याला कोण घालतो!

डिचोलीचा बापू
ताई, फोंड्यात पंख्याखाली बसून लिहायला सोपं आहे. माझा भाचा सीमेवर आहे. वर बर्फ पडायला लागला की सीओने, म्हणजे तुकडीच्या मुख्य अधिकाऱ्याने, तीन कोटेशनं मागवायची का? निविदा निघून मंजूर होईपर्यंत पोरं गारठून मेलेली असतील. युद्धात दहा रुपयांची वस्तू पंधराला पडते, पडू दे. माझ्या भाच्याच्या पायात बूट आला की झालं.

कारगिलचंच काय घेऊन बसलात? सुरुवात १९४८ च्या जीपांपासून करा. काश्मिरात लढाई पेटलेली आणि लंडनहून कृष्ण मेनन ८० लाखांचा सौदा करतात, आल्या किती तर १५५, त्याही लष्कराने नको म्हटलेल्या. १९५५ ला फाइल बंद, १९५६ ला साहेब मंत्री. तोच माणूस संरक्षणमंत्री असताना १९६२ ला चीनसमोर आपली पोरं कापडी बुटांत नामका चू नदीच्या थंडीत उभी केली. तेव्हा कुठे होते तुमचे हिशेबवाले?

खाजन
बापूबाब, घाईत दर चढतो हे मान्य. पण तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. जीपांचा हिशेब वेळेत झाला असता तर तो माणूस १९६२ ला त्या खुर्चीवर असता का?

आणि जरा जपून. १९ डिसेंबर १९६१ ला आपण गोंयकार पोर्तुगीजांपासून मोकळे झालो तेव्हा संरक्षणमंत्री तोच मेनन होता. अठरा जूनला क्रांतिदिनी नि एकोणीस डिसेंबरला मुक्तिदिनी हार घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

डिचोलीचा बापू
म्हणजे मुक्ती मेननने दिली? ज्यांनी आग्वादच्या तुरुंगात वर्षं काढली ते काय सहलीला गेले होते? माझे आजोबा

डिचोलीचा बापू
अर्धवट गेलं. माझे आजोबा पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन कायमचे एका कानाने बहिरे झाले. मला मेनन शिकवू नका.

खाजन
दिली कुणी असं म्हटलंच नाही. खुर्चीवर कोण होता एवढंच सांगितलं.

म्हापसेकर
पुरवठ्याचा विषय आहे तर पोर्तुगीजांचीच गंमत ऐका. रणगाड्यांवर मारायच्या गोळ्यांचं सांकेतिक नाव म्हणे "शोरिसो", म्हणजे आपलं चोरीस, डुकराच्या मांसाचं सॉसेज. गोव्याने तार केली, शोरिसो पाठवा. लिस्बनच्या कारकुनाला संकेत ठाऊक नव्हता, त्याने विमानाने खरोखरचे चोरीस पाठवले! आम्हां म्हापशेकरांना बरं झालं असतं, शुक्रवारच्या बाजारात खपले असते.

डिचोलीचा बापू
कागद दाखवा. नाहीतर ही तियात्रातली, कोकणी नाटकातली गोष्ट.

म्हापसेकर
पोर्तुगीज स्वतःच सांगतात हो!

डिचोलीचा बापू
हरलेले लोक काहीही सांगतात. गोव्यात त्यांची साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, विमानविरोधी तोफा नाहीत, वर लिस्बनच्या हुकूमशहाची, सालाझारची तार की शरण जायचं नाही. पुढे ज्याने जीव वाचवले त्या गव्हर्नरालाच बडतर्फ केलं. चोरीस आले असते तरी काय फरक पडला असता?

म्हापसेकर
नाश्ता झाला असता.

आबोली
मी शवपेट्यांवर लिहिलं आणि तुम्ही सॉसेजवर आलात. धन्य.

खाजन
ताई, थांबा, वळवतो. बापूबाबना कारगिल नको, मेनन नको, मग ही सीबीआय कुठून आली ते बघा. १९४१. दुसरं महायुद्ध भरात, आणि इंग्रज सरकारने युद्ध आणि पुरवठा खात्यातली लाचखोरी पकडायला वेगळं पोलीस पथक काढलं. त्याचीच पुढे सीबीआय झाली. हिटलर दारात असताना इंग्रजाला हिशेब परवडत होता.

आणि आत्ताचं बघा. युक्रेनमध्ये जानेवारी २०२३ ला तिथल्या पत्रकारांनी उघड केलं की सैन्यासाठी अंडी एकेक १७ रिव्नियाला (तिथलं चलन) घेतली, दुकानात ती ७ च्या आसपास. डोक्यावर क्षेपणास्त्रं, तरी उपमंत्री गेला, सप्टेंबरात मंत्रीही बदलला. तिकडे रशियात विचारायची सोय नाही, तर २०२२ ला त्यांच्याच संसदेत बसलेला माजी जनरल विचारतो, सैनिकांचे १५ लाख गणवेश गेले कुठे? न विचारल्याने गणवेश वाचले नाहीत.

डिचोलीचा बापू
युक्रेनच्या त्या बातमीचा रशियाने प्रचाराला किती वापर केला तेही लिहा की. शत्रूच्या हातात कोलीत देणं यालाच म्हणतात. इथे जो तो जनरल झालाय. वर गेलाय का कुणी?

निवृत्त सुभेदार
मी गेलोय. चौकीचं नाव विचारू नका.

हिवाळ्याचा साठा ऑक्टोबरात चढायचा, मग वाट बंद. वीस लिटरचे रॉकेलचे जेरीकॅन. डिसेंबरात कॅन उचलला की आत खडखड वाजायचं. त्या थंडीत रॉकेल गोठत नाही, पाणी गोठतं. तळाशी तीन-चार लिटरचा बर्फाचा गोळा. खाली कुणीतरी तेवढंच मोजून काढलं होतं, अन् उन्हाळ्यात कळूही नये अशा बेताने पाणी भरलं होतं.

रिपोर्टात आम्ही "गळती" लिहिलं. "भेसळ" लिहिलं असतं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, साक्षीदार आम्हीच, म्हणजे रजा गेली. मार्चात बाजूच्या चौकीच्या शेडवर पलीकडचा तोफगोळा पडला. त्या शेडमध्ये कागदावर जे जळालं ते त्यात मावलंच नसतं. कांबळी, दोर, स्टोव्ह, सगळ्या चौक्यांची तूट त्या एका गोळ्यात राख झाली. आमची गळतीसुद्धा.

डिचोलीचा बापू
म्हणजे साहेब, खोटा रिपोर्ट तुम्हीच लिहिलात!

निवृत्त सुभेदार
होय. गोळी घालायची ठरली तर रांगेत माझा नंबर लावा. पण रॉकेल भरणारा माझ्या पुढे असू दे. त्याला मी कधी पाहिला नाही.

म्हापसेकर
मघाशी थट्टा केली. घरी एक मिलिटरी कांबळं आहे, वडिलांनी एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेलं. एक कोपरा नीट चौकोनी कातरलेला. लहानपणी वाटायचं उंदराने खाल्लं. सरकारी बाणाचा शिक्का तिथे असतो हे मोठेपणी कळलं. अजून पावसाळ्यात काढतो, ऊब चांगली आहे.

आबोली
सुभेदारसाहेब, तुमच्या पोस्टनंतर माझी अर्धी पोस्ट पोरकट वाटतेय. पण "गळती" लिहायला लागू नये एवढं तरी खालच्या माणसासाठी करता येतं ना? तक्रार केली म्हणून रजा जाऊ नये, इतकंच.

डिचोलीचा बापू
भाच्याला फोन लावला. कॅन हलवून बघतोस का विचारलं, तर हसला आणि विषय बदलला.

असो. रॉकेलचं मान्य. अंड्यांचंही, तुम्ही म्हणता म्हणून. चोरीसचा कागद आणा, मग बोलू.