चादर हातात घेऊन बघतात अन् ब्लँकेट घेऊन जातात, गिऱ्हाईक नेमकं कशावरून ठरवतं?

लूमवाला८
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे सोलापुरी चादरीचे ८ लूम आहेत अन् गावात एक बारकं दुकान. लूम आण्णा बघतात, दुकान माझ्याकडं. मागच्या आठवड्यात कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलातनं एक मावशी आल्या, चादर उलटीपालटी करून बघितली, वजन बघितलं, रंग जाईल का विचारलं, पंधरा मिनिटं गेली. ७५० सांगितले, ७०० ला आलो. "बघते की बाळा" म्हणून गेल्या अन् शेजारच्या दुकानातनं ४५० चं पानिपतचं मिंक, म्हणजे मऊ पॉलिस्टरचं, ब्लँकेट घेऊन माझ्या समोरनं गेल्या. आता म्हणाल गरिबी आहे, परवडत नाय. पण त्यांच्या हातातला मोबाईल १४ हजारचा होता हो, माझ्यापेक्षा भारी! आमची चादर पंधरा वर्षं जाते, ते ब्लँकेट दोन थंड्यांत गोळे धरतं, हे त्यांनापण माहितीय. मग कशावर ठरतं हे? दुसरं म्हणजे विक्री मागच्या वर्षाएवढीच आहे तरी हातात पैसा राहत नाय, ते काय समजंना. आण्णा म्हणतात मार्केट बसलंय. मला पटत नाय.

पूर्वभागकर
मालक, राग मानू नका पण तुम्ही काउंटरच्या आतनं बघायलाव. माझी आई आयुष्यभर विड्या वळली. हजार विड्यांमागं मजुरी, ती आठवड्याला हातात, त्यातनं दुकानाची उधारी, भिशी, पोरांची फी गेली की उरतंय काय? ७०० रुपये वर्षाला खर्च करायची ऐपत असती, एका मंगळवारी ७०० काढायची नसती. ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत बे. मोबाईल १४ हजारचा नव्हता, हप्त्यावर महिन्याला बाराशेचा होता. तुमची चादर एकदम ७०० ची. हिशोब करा कोण महाग झालं ते.

शांपूचं बघा की. बाटली घ्यायला कुणाकडं पैसे नव्हते म्हणून "चिक" शांपूवाल्यांनी ५० पैशाची पुडी काढली अन् खेडोपाडी शांपू पोचला. पुडीत एमएलमागं जास्त पैसे जातात का कमी, हे बाई बघत बसली नाय, आज हातात किती आहेत ते बघितलं. आमच्या आईनं टीव्ही, शिलाई मशीन, सगळं भिशी लागली तवाच घेतलंय. तुम्ही भिशीवाल्या बायकांना कधी विचारलंय का, नंबर कुणाचा लागलाय?

एमकॉमचा_बॅकलॉग
वरचं बरोबर आहे पण अर्धंच. एक आकडा बघा, सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतात माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये आलाय अन् शहरात ६,९९६. ही देशाची सरासरी आहे, सोलापूरची नाही. गावात त्यातला जवळपास ४७ टक्के खाण्यावर, शहरात ४० च्या आसपास. म्हणजे पाच माणसांच्या खेड्यातल्या घराला धान्य, तेल, भाजी काढून महिन्याला साधारण अकरा हजार उरतात, त्यात भाडं, दवाखाना, शाळा, पेट्रोल, रिचार्ज सगळंच. त्या घराला तुमची चादर म्हणजे उरलेल्या पैशातला पंधरावा हिस्सा झाला. एवढा पैसा घालताना माणूस चुकायला घाबरतो. ४५० मध्ये फसलं तर फसलं, ७०० मध्ये फसलं तर घरात बोलणी.

फसायची भीती उगाच नाही. अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरनं हेच मांडलं, पुढं त्याला नोबेल मिळालं. गिऱ्हाइकाला चांगला माल अन् भंगार माल ओळखू येत नसेल तर तो मधलाच भाव द्यायला तयार होतो, त्या भावात चांगला माल विकणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातनं निघून जातो, मागं राहतं ते भंगार. सोलापुरी चादरीचं दुसरं काय झालंय? जीआय, म्हणजे माल ह्याच भागातला असल्याचा सरकारी शिक्का, मिळालाय चादरीला, टेरी टॉवेललापण, पण रस्त्यावर "सोलापुरी" म्हणून बाहेरचा माल बिनधास्त विकतात. गिऱ्हाइकाला काय कळणार खरी कुठली. म्हणजे तुमच्या ७०० तले दोनशे त्याला नकली निघायच्या भीतीपोटी जास्त वाटतात.

मार्केटयार्ड_गेट२
एमकॉम भाऊ, नोबेल ठीक आहे पण माझं दुकान यार्डाजवळ आहे, मी सांगतो. आमच्या धंद्याचा मालक कांदा आहे. मोहोळ, मंगळवेढ्याकडनं गाड्या येतात, लिलाव होतो, शेतकरी आडत्याकडनं पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, घेतो अन् पट्टीवर आकडा चांगला असला की तो माणूस गावाकडं जायच्या आधी बायकोला साडी, आईला चादर, पोराला बूट घेतो. भाव विचारतो, पण घासाघीस करत नाय. तोच माणूस पट्टी कमी आली की चहासुद्धा घेत नाय. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तो सीझन आठवतोय, ऐन आवकेच्या दिवसांत भाव कोसळले, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला माझा गल्ला निम्मा होता. माझा माल तोच, भाव तोच, मीपण तोच! तवा मी काय चुकलो होतो सांगा बरं. सगळं दुकानदाराच्या हातात असतं असं नाय. ऊसवाल्यांचं पण तसंच, कायद्यात १४ दिवसांत बिल द्यायचं लिहिलंय, कारखाना कधी देतो ते सगळ्यांना माहितीय.

म्हणून मी म्हणतो कुणाला विकायचं ह्यापेक्षा कवा विकायचं ते आधी बघा. यार्डात आवक जोरात असली की सकाळी सातला शटर वर. अकराला उघडणाऱ्याला पट्टीवाला भेटत नाय.

नैरोबीकर_सोलापुरी
मी मूळ साखर पेठेतला, सहा वर्षं झाली केनियात आहे, कापडाच्याच लायनीत. वाचून मजा आली कारण इथं हुबेहूब हेच चालतं. इथं "कडोगो" म्हणतात, स्वाहिलीत बारकं, तेल ग्लासानं, साखर मुठीएवढी, वॉशिंग पावडर पुडीनं. फिलिपाईन्सवाला एक मित्र आहे, त्यांच्याकडं सारी-सारी, म्हणजे गल्लीतल्या बारक्या किराणा, दुकानात एकेक सिगारेट, एकेक पुडी, त्याला ते "टिंगी" म्हणतात. तीन देश, तिघांचा किराणावाला सख्खा भाऊ वाटावा.

पण एक फरक सांगतो, तो पूर्वभागकरांना खोडून काढतो थोडा. इथं गिकोंबा म्हणून मोठा बाजार आहे, मितुंबाचा, म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेले वापरलेले कपडे. नवीन स्वस्त शर्ट अन् जुना पण चांगल्या कापडाचा शर्ट सारख्याच भावात असले तर माझे इथले कामगार जुना घेतात. कापड चोळून, शिवण ताणून बघतात अन् घेतात. म्हणजे गरीब माणूस टिकाऊपणाला पैसे देतो, फक्त तो टिकाऊपणा त्याला स्वतःच्या हातानं तपासता आला पाहिजे. धुवून दाखवा की मालक! दुकानात दहा वर्षं वापरलेली घरातली चादर टांगा नव्या शेजारी.

अन् एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरनं पैसे पाठवायची सोय, इथं २००७ ला आलं, तवापासनं लोक थोडे थोडे पैसे भरून वस्तू सोडवून नेतात. तुमच्याकडं यूपीआय आहे, दर आठवड्याला १०० घ्या अन् शेवटच्या हप्त्याला चादर द्या. उधारी नाय, उलटी उधारी.

खतावणी
सगळे गिऱ्हाइकाच्या मागं लागलेत, मालकानं शेवटी लिहिलेलं कुणी वाचलं नाय. विक्री तेवढीच अन् पैसा नाय म्हणजे पैसा बाहेरगावच्या पार्ट्यांकडं आहे. लूमचा माल होलसेलला किती दिवसांच्या उधारीवर जातो? ९० दिवस असेल तर सुताचे पैसे तुम्ही महिन्यात देताय अन् तुमचे तीन महिन्यांनी येतायत, मधल्या दिवसांचं व्याज तुमच्या खिशातनं. धंदा नफ्यात असून माणूस बुडतो तो असा.

उद्यम, म्हणजे बारक्या धंद्याची सरकारी नोंदणी, असेल तर लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५ दिवसांत पैसे यायला पाहिजेत. १ एप्रिल २०२४ पासनं इन्कम टॅक्स कायद्यात ४३बी(एच) कलम आलं, मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाय, दिले त्या वर्षीच धरता येतो. हे माल बनवणाऱ्या नायतर सेवा देणाऱ्या बारक्या धंद्यांना आहे, नुसत्या दुकानदारीला नाय, तुमचे लूम आहेत म्हणून सांगतो. बिलावर उद्यम नंबर छापा.

लूमवाला८
खतावणी साहेब, नंबर छापला होता हो. एका पार्टीनं सरळ सांगितलं, उद्यम रद्द करा नायतर माल दुसरीकडनं घेतो. आण्णा म्हणाले जुनं गिऱ्हाईक आहे, राहू दे. काल रात्री वही काढून बसलो, सगळ्यात जास्त येणं त्याच पार्टीकडं निघालं, एकशे दहा दिवस. आण्णा वही बघून काय बोलले नाहीत, चहा न पिताच लूमवर गेले.

आईच्या कपाटातनं तिच्या लग्नातली चादर काढून दुकानात टांगलीय, आईनं शिव्या घातल्या ते वेगळं. दर आठवड्याला १०० वालं कार्ड छापायला दिलंय. त्या मावशी आज परत आल्या होत्या, ब्लँकेटचं काय विचारलं नाय मी. टांगलेली चादर बघून म्हणाल्या, "हीच दे की, ही धुतलेली हाय." ती विकायची नाय म्हणलं, तर नव्याचे १०० देऊन गेल्या.

मार्केटयार्ड भाऊ, आता आवक कशी आहे? उद्या सातला उघडू का?