शॅडोरन हाँगकाँगची कोणकोण वाट बघतंय? (२०१५, गेम येण्याआधीची चर्चा)

प्रश्न: मंडळी, शॅडोरन हाँगकाँग या नव्या व्हिडिओ गेमचं किकस्टार्टर (लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवायची मोहीम) बघितलं का? मागितले फक्त १ लाख डॉलर आणि जमले १२ लाखांच्या वर!! याच मालिकेतला आधीचा गेम ड्रॅगनफॉल मी दोनदा संपवलाय, त्यातली बर्लिनमधली पात्रांची टीम अजून डोक्यातून जात नाही, म्हणून विचारतोय, आधीचं काहीच न खेळलेल्या मित्राला हा थेट चालेल का?

उत्तर: चालेल की. गोष्ट नवीन, शहर नवीन, २०५६ सालचं हाँगकाँग. पण त्याला ड्रॅगनफॉल आधी खेळायला लावच, तोही डायरेक्टर्स कट (सुधारित आवृत्ती), लेखन एक नंबर आहे.

उत्तर: मला सगळ्यात जास्त उत्सुकता काउलून वॉल्ड सिटीची, म्हणजे हाँगकाँगमधल्या त्या दाटीवाटीच्या वस्तीची. खरी वस्ती १९९०च्या दशकात पाडली ना, ती इथे परत उभी केलीये, अंधाऱ्या गल्ल्या, त्यात एल्फ, ऑर्क, जादू, हॅकिंग सगळं एकत्र... आणि मॅट्रिक्स (गेममधलं कॉम्प्युटर नेटवर्क, जिथे हॅकिंग चालतं) नव्याने करतायत ते बरंच झालं, आधीचा फार कंटाळवाणा होता यार.

प्रश्नकर्ता: मॅट्रिक्सचं अगदी खरं. मालिकेतला पहिला गेम शॅडोरन रिटर्न्स आला तेव्हा पाहिजे तिथे सेव्हसुद्धा करता यायचं नाही, ते ड्रॅगनफॉलमध्ये सुधारलं, गेम बनवणारी ही टीम लोकांचं ऐकते म्हणून मी यावेळी पैसे टाकलेत. मित्राला आजच ड्रॅगनफॉल घ्यायला सांगतो.