तुतारी, पिपाणी की ट्रंपेट?

खणआळी: साताऱ्याच्या २०२४ च्या लोकसभा निकालावरचा इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे. त्यात शशिकांत शिंदेंचं चिन्ह ‘मॅन ब्लोइंग तुरहा’ आणि एका अपक्षाचं ‘ट्रंपेट’ असं आहे. पहिल्याला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे ठरलेलंच. दुसऱ्याला काय लिहावं? मुक्त, म्हणजे कुठल्याही पक्षासाठी न राखलेल्या चिन्हांच्या यादीत त्या वेळी ट्रंपेटला मराठीत ‘तुतारी’च म्हटलं होतं, वर्तमानपत्रांनी नंतर ‘पिपाणी’ केलं. दोन्हीकडे तुतारी लिहिली तर वाक्याला अर्थच राहत नाही.

राजवाडा चौक: पिपाणी लिहा. अख्ख्या जिल्ह्याला कळतं.

विश्रामबाग: कळतं, पण चूक आहे. पिपाणीत पातळ पत्ती असते, ती थरथरून आवाज निघतो. ट्रंपेटला पत्ती नसते. पितळी मुखनळीवर ओठ दाबून फुंकायचं आणि तीन खटक्यांनी सूर बदलायचा. तुतारीही ओठांनीच वाजते, तिला खटके नसतात एवढंच. म्हणजे वाद्यांच्या हिशेबानं ज्यानं ट्रंपेटला तुतारी म्हटलं तो पिपाणीवाल्यांपेक्षा बरोबर होता. लग्नातले बँडवाले ट्रंपेटच म्हणतात. तेच लिहा.

राजवाडा चौक: अहो, इथे वाद्य कुणी वाजवायचं नाहीये, बटण दाबायचंय. यंत्रावर चिन्हाचं नाव नसतंच. अनुक्रमांक, उमेदवाराचं नाव, फोटो आणि चित्र, बास. चिन्हाचं नाव येतं ते उमेदवारांच्या अंतिम यादीत, नमुना ७-अ मध्ये, आणि तिथून बातम्यांत उतरतं. रिक्षावरचा भोंगा दिवसभर ‘तुतारी, तुतारी’ करणार. मतदार आत गेला की कानातला शब्द चित्रात शोधणार. एका चित्रात अख्खा माणूस, त्यामुळे हातातली तुतारी बारीक. दुसऱ्यात नुसतं वाद्य, रकानाभर मोठं. कुठलं आधी दिसेल? मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण तोवर मत पडून गेलेलं असतं.

कृष्णाकाठ: म्हणूनच भोंग्यावर आधी क्रमांक सांगायचा, मग उमेदवाराचं नाव, आणि चिन्ह पूर्ण म्हणायचं: ‘तुतारी वाजवणारा माणूस’. ‘माणूस’ गाळला की घात. नमुना मतपत्रिकेवर आपल्या उमेदवाराची जागा आणि चिन्ह दाखवता येतं, दुसऱ्याचं नाव किंवा चिन्ह छापता येत नाही. त्यामुळे ‘हे नव्हे, ते’ असं दोन चित्रं शेजारी ठेवून समजावण्याची सोय तिथे नाही. आणि पत्रकाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, नाहीतर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ.

बालगंधर्वभक्त: मुळात ‘तुरहा’ कुठून आणला? हिंदीत तुरही, आपल्याकडे तुतारी. मराठी माणूस ‘तुरहा’ वाचून फेट्याचा तुरा समजेल. संस्कृत ‘तूर्य’ हे मूळ, तुतारी त्याचीच लेक.

विश्रामबाग: ‘तूर्य’ तुरहीला चालेल. तुतारी ‘तू-तू’ आवाजावरून आली असं मला वाटतं. प्रत्येक शब्दाला संस्कृत आजी शोधायलाच हवी का?

बालगंधर्वभक्त: आवाजावरून आला म्हटलं की पुरावा द्यायला नको, हे सोयीचं आहे.

राजवाडा चौक: चर्चा भरकटतेय. शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि त्या ट्रंपेटवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. शब्दाची किंमत एवढी आहे.

कृष्णाकाठ: दादा, इथे जपून. त्या ३७,०६२ पैकी साधारण ८८ टक्के मतं चुकून पडली असं धरलं तरच निकाल फिरतो. गुप्त मतदानात ते सिद्ध होत नाही. गोंधळ झाला असं ठामपणे म्हणता येईल, ‘पिपाणीनं पाडलं’ असं नाही. पण मथळ्यात दुसरंच बसतं आणि पुढे लोक तेच सत्य धरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं माणसाचं चित्र ठळक करायचं मान्य केलं, ट्रंपेट यादीतून काढायला मात्र नकार दिला.

गणपती पेठ: सांगलीत त्याच वेळी उलटं घडलं. माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली, जाहीर प्रचार ५ मेच्या संध्याकाळी थांबला. तेवढ्या दिवसांत अपक्ष विशाल पाटलांचं ‘लिफाफा’ हे चिन्ह घरोघरी पोचलं आणि ते लाखभर मतांनी आले. चित्र एक, शब्द एक, यादीत जवळपासचं दुसरं काही नाही. बोलताना आपण पाकीट म्हणतो, पण प्रचारात लिफाफाच बरा. पाकीट म्हटलं की वेगळंच आठवतं.

बालगंधर्वभक्त: पाकीट पत्रकारिता! त्यावरून आठवलं, ‘पेड न्यूज’ला, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीला, धड मराठी शब्द का रुळला नाही? ‘विकाऊ बातमी’ काय वाईट आहे?

कृष्णाकाठ: विकाऊ म्हणजे विक्रीला ठेवलेली. इथे व्यवहार झालेला असतो, म्हणून ‘विकत बातमी’. आणि पेड न्यूज तपासणाऱ्या समितीच्या सांगण्यावरून निघणाऱ्या नोटिशीत ‘पेड न्यूज’च हवं, नाहीतर उमेदवाराचा वकील शब्दावरच दोन दिवस घालवेल. मुदती आखूड असतात. बातमी आल्यापासून ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं नोटीस द्यायची, उमेदवारानं ४८ तासांत उत्तर. विकत ठरली तर तिची किंमत त्याच्या ९५ लाखांच्या खर्चमर्यादेत धरली जाते.

गणपती पेठ: ९६ तास तक्रार आल्यापासून ना?

कृष्णाकाठ: छापून आल्यापासून किंवा तक्रार मिळाल्यापासून, दोन्ही धरतात. कात्रण हाती आलं की त्यावर तारीख घालून त्याच दिवशी समितीकडे द्या. 

बालगंधर्वभक्त: ‘विकत बातमी’ व्याकरणात बसत नाही. विकत हे क्रियाविशेषण आहे.

कृष्णाकाठ: ‘विकतचं पाणी’ चालतं ना? मग ‘विकतची बातमी’ म्हणा.