राष्ट्रीय गुणवत्ता धोरणातलं ध्येय वॉर्डपर्यंत आणायचं कसं?

परळ_लोकल
नमस्कार मंडळी. हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन शिकतेय, आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय गुणवत्ता धोरणावर प्रोजेक्ट आहे, त्यात ध्येयं ठरवून कृती आराखडा मांडायचाय. मी "मातामृत्यू कमी करणे" लिहिलं तर मॅडम म्हणाल्या ठीक आहे, पण उद्या सकाळच्या ड्युटीवर यासाठी कोण काय करणार? तिथेच गाडी अडलीये. कुणी समजावेल का?

दादर_डेटा
ध्येय बरोबरच आहे गं, फक्त त्याला आकडा आणि मुदत दे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात बघ, २०२० पर्यंत मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे १०० वर आणायचं असं सरळ लिहिलंय, आणि २०१८-२० चा आकडा ९७ आला. पण तो आकडा हातात पडला नोव्हेंबर २०२२ ला, तोही तीन वर्षांचा मिळून, मग त्यावर वॉर्डातली सिस्टर काय ठरवणार? आणि एका हॉस्पिटलात वर्षाला मृत्यू एवढे कमी की एखादा वाढला-घटला तरी त्यावरून काम सुधारलं की बिघडलं कळत नाही. म्हणून देशासाठी परिणाम मोजायचा आणि वॉर्डासाठी काम मोजायचं. उदा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण, तर बाळ झाल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव कमी व्हावा म्हणून देतात ते औषध) किती जणींना मिळालं हे दर महिन्याला मोजता येतं, आणि सुधारताही येतं.

लेबररूम_सिस्टर
वरचं पटलं पण मोजणी करणाऱ्याचं पण बघा जरा. लक्ष्य योजनेत (लेबर रूममधली सेवा सुधारायची केंद्राची योजना, डिसेंबर २०१७ ची) पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, रिअल टाइम भरायचा असं मुद्दाम म्हटलंय कारण बऱ्याच ठिकाणी तो डिलिव्हरी झाल्यावर बसून भरतात, कागद शंभर टक्के पूर्ण आणि कळा अडकल्यात हे वेळेत कुणाच्या लक्षातच येत नाही! नाइटला दोन सिस्टर आणि टेबलवर तिघी असतील तर दुसरं काय होणार. मग तुझ्या आराखड्यात "पार्टोग्राफचं ट्रेनिंग देणे" एवढंच असेल तर उपयोग नाही, नाइटचा ड्युटी चार्ट कोण बदलणार, मेट्रन की सुपरिटेंडंट, ते लिही. तसंच जन्मसोबतीचं. बाईसोबत तिच्या घरची एक बाई थांबू द्यायची हे छानच आहे, पण दोन टेबलांच्या मध्ये पडदा नसेल तर बाकीच्या बायकांची लाज कोण राखणार? तिथे कृती म्हणजे पडदे, ते कुठल्या बजेटमधून आणि कधीपर्यंत.

दादर_डेटा
सिस्टर, एकदम बरोबर. आणि परळ, अजून एक, सर्टिफिकेटला ध्येय करू नकोस. एनक्यूएएस (सरकारी दवाखान्यांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं, त्यावरच सर्टिफिकेट मिळतं) २०१३ पासून आहे, त्यात ७० टक्के गुण लागतात, पण असेसमेंटच्या महिन्यात धावपळ आणि मग सगळं ढिलं असं व्हायला नको. लक्ष्यमध्ये दोन-दोन महिन्यांच्या सहा फेऱ्या ठेवल्यात, एकेका फेरीत ठरावीक विषय, ती पद्धत उचल.

परळ_लोकल
खूप खूप आभार दोघांचे! म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत फक्त पार्टोग्राफ घेतला तर चालेल ना?

लेबररूम_सिस्टर
चालेल. फक्त रजिस्टर बघून मोजू नकोस, ड्युटी चालू असताना मधेच जाऊन बघ शेवटची नोंद किती वाजताची आहे.