मदत हवी आहे: अदलाबदल थांबली, माझे प्रश्न थांबत नाहीत

लग्नाला 9 वर्षं झाली. गेल्या वर्षी दोघांच्या संमतीने, नियम ठरवून, एका जोडप्यासोबत पार्टनर स्वॅपिंग केलं. तीनदा. कल्पना माझीच, आणि आता जळफळाटही माझाच! बायकोचा फोन वाजला की हातातला घास हातातच राहतो. 4 महिन्यांपूर्वी सगळं बंद केलं, त्यांचे नंबर काढून टाकले, एचआयव्हीसकट तपासण्याही झाल्या, सगळं ठीक. तिच्यासाठी विषय संपलाय, आणि मला ते पटतंही. तरी रात्री दोन वाजता तिला उठवून तेच विचारतो, “तो माझ्यापेक्षा आवडला का?” ती रडते. घटस्फोट नकोय, प्रवचनही नको. समुपदेशकाकडे आधी मी एकट्याने जावं की दोघांनी? आणि तोवर हे खोदून खोदून विचारणं थांबवू कसं?