मदत हवी आहे: आरएक्स-8 चं कॉम्प्रेशन साध्या गेजने बघितलंय, भरवसा ठेवू का?

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असते. 2005 ची माझदा आरएक्स-8 मॅन्युअल बघितलीय, 1 लाख 18 हजार किमी झालेत, बॉडी एकदम छान. इंजिनिअरिंगला असताना पुस्तकात वँकेल इंजिनाची (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते रोटरी इंजिन) आकृती बघितली तेव्हापासून रोटरी चालवायची इच्छा आहे, म्हणूनच पैसे देण्याआधी विचारतेय.

झालं असं की मालकाने ओळखीच्या मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनात हवा दाबली जाते तो दाब, चेक करून घेतलं, पुढच्या रोटरला 110 आणि मागच्याला 105 पीएसआय आलं, म्हणाला इंजिन ठणठणीत आहे. पण गेज वापरला तो साधा, पिस्टन इंजिनाचा. माझ्या समजुतीप्रमाणे रोटरला तीन बाजू, म्हणजे प्लगच्या एकाच भोकासमोरून तीन वेगवेगळे चेंबर जातात आणि गेजमधला व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो, मग काटा तिघांतल्या सगळ्यात चांगल्या चेंबरवर जाऊन थांबणार ना? बाकीचे दोन बसलेले असले तरी कळायचं कसं?

शंका यायचं कारण, थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली पण अर्धा तास चालवून पेट्रोल पंपावर बंद केली नि परत सेल्फ मारला तर सात-आठ सेकंद नुसती फिरत राहिली, मग कुठे पकडलं. मालक म्हणतो बॅटरी जुनी आहे. रोटरीवाल्या गॅरेजात टेस्ट करू द्यायला तो तयार आहे पण खर्च माझा. आकडे किती यायला हवेत? आणि त्याआधी आपलं आपल्याला काही बघता येईल का?

प्रतिसाद: ताई, समजलंय ते बरोबर आहे, ते 110 विसरा. त्याच गेजमधला व्हॉल्व्ह काढून टाका म्हणजे काटा अडकून न राहता उड्या मारेल. इंजिन पूर्ण गरम करा, इग्निशन आणि फ्युएल पंप बंद ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. तिन्ही उड्या सारख्या हव्यात. एकच बसकी असेल तर बहुतेक साइड सील (रोटरच्या सपाट अंगावरचं सील), लागोपाठ दोन बसक्या असतील तर रोटरच्या टोकावरच्या अ‍ॅपेक्स सीलचा संशय जास्त, कारण एक अ‍ॅपेक्स सील शेजारशेजारच्या दोन चेंबरना सामाईक असतं. आकडा मात्र यात मिळत नाही, त्याला रोटरीचाच टेस्टर लागतो, तो सहा चेंबरचे सहा आकडे आणि आरपीएम देतो. माझदाचं स्टँडर्ड 250 आरपीएमला 830 किलोपास्कल (साधारण 120 पीएसआय), कमीत कमी 680 (साधारण 99 पीएसआय). एकाच रोटरच्या चेंबरमध्ये फरक 150 च्या आत, दोन रोटरमध्ये 100 च्या आत. आरपीएम न लिहिलेला रिपोर्ट घेऊ नका, स्टार्टर जोरात फिरला की आकडा फुगतो, तो 250 ला आणूनच वाचायचा. आणि गरम गाडी उशिरा पकडते हे कमी कॉम्प्रेशनचं नेहमीचं लक्षण आहे, चांगली बॅटरी लावून एकदा बघा म्हणजे ती शंका पण मिटेल.

धागाकर्ती: खूप आभार दादा! काल माझ्या गाडीची बॅटरी लावून व्हिडिओ काढला. पुढचा रोटर सारखा आहे, मागच्याची दर तिसरी उडी जेमतेम अर्ध्यावर. आणि गरम झाल्यावर सेल्फला तितकाच वेळ. मालकाला दाखवलं, तोही गप्प झाला, त्याला खरंच माहीत नव्हतं असं वाटलं. आता टेस्ट करायची तर खर्च तुझा असं सांगून आलेय. अशा गाडीला इंजिन रिबिल्डचा खर्च वजा करूनच भाव सांगायचा ना, की दुसरी शोधू?